उसन्या यंत्रांवरची प्रदीर्घ गणिते

एक मोठे काम पुष्कळांनी थोडे थोडे वाटून घ्यावे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. गावचा रस्ता बांधायचा झाला तर प्रत्येकाने दहा दहा पाट्या माती टाकावी आणि संध्याकाळपर्यंत रस्ता दिसू लागावा, हे आपण पाहिलेले आहे. त्यात एखादा मधूनच घरी निघून गेला तरी त्याने टाकलेली माती काही कुणी परत नेत नाही. परंतु सगळीच कामे अशी नसतात. वीटभट्टी एकदा पेटवली की ती पुरती भाजून होईपर्यंत जागती ठेवावी लागते. मधेच विझू दिली तर विटा कच्च्या राहतात आणि आधी जाळलेले सर्पणही फुकट जाते. आता कल्पना करा, की अशा हजारो भट्ट्या पेटवायच्या आहेत, त्या जगभरच्या अनोळखी लोकांच्या अंगणात आहेत, आणि त्या लोकांना आपण एक पैसाही देणार नाही. मग त्या विझू नयेत म्हणून काय करायचे?

हा प्रश्न गेल्या तीस वर्षांत संगणकाच्या क्षेत्रात खरोखरच उभा राहिला, आणि त्याचा इतिहास आज आपल्याला थोडक्यात पाहायचा आहे. लोकांच्या घरी, कचेरीत, महाविद्यालयात जे संगणक असतात ते दिवसाचा बराचसा वेळ नुसते चालू असतात. पत्र टंकायला किंवा हिशेब मांडायला यंत्राच्या शक्तीचा एक लहानसा अंशच लागतो. उरलेली शक्ती मालकाने स्वखुशीने एखाद्या शास्त्रीय गणितासाठी उसनी द्यावी, अशी ही योजना. देणारा कोणत्याही कराराने बांधलेला नाही. तो रात्री यंत्र बंद करील, मुले त्यावर खेळ लावतील, वीज जाईल, वर्षभराने तो यंत्र विकूनही टाकील. त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. अशा माणसाकडे चार चार महिने चालणारे गणित सोपवायचे कसे?

आरंभीच्या उपक्रमांना ही अडचण फारशी जाणवली नाही, कारण त्यांचे काम मातीच्या पाट्यांसारखे होते. १९७७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून १२९ अंकी एक संख्या वाचकांपुढे ठेवण्यात आली होती. तिचे अवयव पाडून दाखवा, असे ते आव्हान होते. १९९३-९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी सुमारे १६०० यंत्रे लावून आठ महिन्यांत ते पुरे केले. त्यात प्रत्येकाने आपापल्या परीने काही समीकरणे शोधून ई-मेलने पाठवायची होती. कोणी शंभर पाठवली, कोणी दहा पाठवली, कोणी मधेच कंटाळला, तरी बिघडत नव्हते. पुरेशी समीकरणे जमली की शेवटची जुळणी एका मोठ्या यंत्रावर करून टाकायची. १९९९ च्या मे महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने सुरू केलेला ‘सेटी ॲट होम’ हा उपक्रमही याच जातीचा. आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींचे १०७ सेकंदांचे एकेक तुकडे पाडून ते लोकांकडे पाठवले जात. परग्रहावरील कोणी बोलते आहे काय, याचा तो शोध. तोच तुकडा एकाहून अधिक लोकांना द्यायचा आणि उत्तरे ताडून पाहायची. एखादा तुकडा परत आलाच नाही तर तो तिसऱ्याला द्यायचा. लाखो लोकांनी यात भाग घेतला आणि ३१ मार्च २०२० पर्यंत तुकडे वाटण्याचे काम चालू होते.

खरी कसोटी लागली ती दुसऱ्या एका उपक्रमात, आणि तो ‘सेटी’च्याही आधी सुरू झालेला होता. मारें मेर्सेन हा सतराव्या शतकातील एक फ्रेंच धर्मोपदेशक आणि गणिताचा व्यासंगी. २ या संख्येचा कोणताही घात घ्यावा आणि त्यातून १ वजा करावा. येणारी संख्या कधी कधी मूळ संख्या असते, म्हणजे तिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही. अशा संख्यांना मेर्सेनचे नाव मिळाले आहे. जॉर्ज वोल्टमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने जानेवारी १९९६ मध्ये या संख्यांच्या शोधाचा सामुदायिक उपक्रम काढला. त्याचे आद्याक्षरी नाव ‘गिम्प्स’. वोल्टमन यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम लोकांना मोफत दिला आणि कोणती संख्या कोणी तपासायची याची वाटणी आरंभी ई-मेलनेच केली.

या तपासणीची रीत ऐकण्यासारखी आहे. ३१ ही संख्या घ्या. ती २ च्या पाचव्या घातातून १ वजा करून मिळते. आरंभी ४ घ्यायचे. त्याचा वर्ग करून २ वजा करायचे, म्हणजे १४. पुन्हा १४ चा वर्ग १९६, त्यातून २ गेले १९४. त्याला ३१ ने भागले की बाकी उरते ८. पुन्हा ८ चा वर्ग ६४, त्यातून २ गेले ६२, आणि ३१ ने भागले की बाकी शून्य. पाच वजा दोन, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आले, म्हणून ३१ मूळ संख्या आहे. घात पाचाऐवजी सत्तर लाख असेल तर पायऱ्याही जवळपास सत्तर लाख होतात, आणि प्रत्येक पायरीवर वीसवीस लाख अंकांच्या संख्येचा वर्ग करावा लागतो.

यातली ग्यानबाची मेख अशी की प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरावर उभी असते. पन्नास लाखाव्या पायरीचे उत्तर हाती आल्याशिवाय तिच्या पुढची पायरी घेता येत नाही. त्यामुळे एका संख्येचे काम दहा घरांत वाटता येत नाही. ते एकाच यंत्राने अथपासून इतिपर्यंत नेले पाहिजे. शिवाय एका पायरीला एक अंक चुकला तर पुढचे सारे गणित चुकते आणि शेवटचे उत्तर पाहून ते ओळखताही येत नाही. हीच ती वीटभट्टी.

हे काम किती लांबते, याचा एक दाखला पाहा. नयन हजरतवाला यांनी १ जून १९९९ रोजी २ च्या ६९,७२,५९३ व्या घातातली मेर्सेन संख्या मूळ असल्याचे शोधले. ती २०,९८,९६० अंकांची होती. दहा लाखांहून अधिक अंकांची मूळ संख्या मनुष्याला प्रथमच सापडली होती, आणि तिच्यासाठी पन्नास हजार डॉलरांचे बक्षीस ठेवलेले होते. त्यांच्या घरच्या साध्या पेंटियम यंत्राला फावल्या वेळात हे गणित करायला १११ दिवस लागले. अखंड चालवले असते तर तीन आठवड्यांत झाले असते. तीन आठवडे आणि १११ दिवस यांत जे अंतर आहे तेच उसनवारीचे अंतर. त्या १११ दिवसांत यंत्र कितीदा तरी दुसऱ्या कामाला लागले असेल. तरी गणित तुटले नाही, ते का?

त्याचे कारण म्हणजे चेकपॉइंट, म्हणजे वाटेतली नोंद. पोथी वाचणारा उठताना पानात मोरपीस घालून ठेवतो, तसाच हा प्रकार. दर अर्ध्या तासाने प्रोग्राम आतापर्यंतची पायरी आणि तिचे पूर्ण उत्तर चकतीवर लिहून ठेवतो. वीज गेली तर फार तर अर्ध्या तासाचे काम बुडते. ऐकायला सोपे वाटते, पण बारकावे आहेत. नोंद फार वेळा केली तर लिहिण्यातच वेळ जातो, फार क्वचित केली तर नुकसान वाढते. आणि नोंद लिहीत असतानाच वीज गेली तर? मग जुनी नोंद पुसलेली आणि नवी अर्धवट, अशी दोन्हीकडून फजिती. म्हणून नवी नोंद पुरी होईपर्यंत जुनी जपून ठेवायची, असा दंडक पडला. या नोंदीमुळे आणखी एक सोय झाली. जुने यंत्र काढून नवे घेतले तर नोंद उचलून नव्या यंत्रात ठेवायची, की गणित तेथून पुढे चालू.

दुसरी गरज होती ती वार्ता मिळत राहण्याची. चार महिने गप्प असलेले यंत्र काम करते आहे की भंगारात गेले आहे, हे दुरून कसे कळणार? १९९७ साली स्कॉट कुरोव्हस्की यांनी ‘प्राइमनेट’ नावाची मध्यवर्ती व्यवस्था उभी केली. यंत्रेच तिच्याकडून काम मागून घेऊ लागली आणि कितवर आलो हे वरचेवर कळवू लागली. माणसाला पत्र लिहिण्याचे कारण उरले नाही. पण वार्ता यंत्राने दिली तरी ती वाचणारा जागा असावा लागतो! कर्टिस कूपर यांच्या विद्यापीठातील एका संगणकाने १७ सप्टेंबर २०१५ रोजी २,२३,३८,६१८ अंकांची मूळ संख्या शोधून तसे कळवलेही. परंतु कळवण्याच्या यंत्रणेत बिघाड झाला होता, सूचनेचे ई-मेल कोणाला मिळालेच नाही. ७ जानेवारी २०१६ रोजी नेहमीची साफसफाई चालू असताना ते उत्तर नजरेला पडले. त्या काळात जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जवळजवळ चार महिने दप्तरात धूळ खात पडली होती.

तिसरा प्रश्न मात्र यंत्राचा नव्हता, माणसाचा होता. एखाद्याने संख्या घेतली आणि काम फार मंद चालवले, तर ती काढून दुसऱ्याला द्यावी काय? उपक्रमाला असे जाहीर करायचे असते, की अमुक घातापर्यंतच्या साऱ्या संख्या तपासून झाल्या. शेवटी दोन-चार संख्या उरतात आणि त्या नेमक्या कोणातरी संथ यंत्राकडे असतात. मग काही उतावळे सभासद त्या संख्या परस्पर तपासून मोकळे होत. याला त्या मंडळींत शिकारचोरी अशा अर्थाचाच शब्द पडला. ज्याने सहा महिने इमानाने यंत्र चालवले, त्याचे काम अखेरच्या टप्प्यावर दुसऱ्याने परभारे उरकले, तर त्याच्या मनाला काय वाटेल? उलट, ज्याने संख्या घेऊन तोंडच दाखवले नाही, त्याच्यासाठी हजारोंनी खोळंबून राहावे हेही न्याय्य नाही. बरीच वादावादी होऊन वाटणीचे नियम बदलले. जे आकडे लवकर निकालात निघायला हवेत ते, ज्यांची यंत्रे वेगवान आणि विश्वासू ठरली आहेत अशांनाच द्यायचे, आणि त्यांना मुदतही कडक. संथ यंत्रांना दूरचे आकडे द्यायचे, तेथे घाई नाही. म्हणजे कोणालाही हाकलले नाही, प्रत्येकाच्या चालीप्रमाणे वाट नेमून दिली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच.

आता गणिताकडून हवामानाकडे वळू, कारण तेथे हाच प्रश्न दुसऱ्या वेषात आला. ऑक्सफर्डचे मायल्स ॲलन यांनी १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अशी सूचना केली, की पृथ्वीच्या हवामानाचे अंदाज लोकांच्या घरगुती संगणकांवर वर्तवावेत. हवामानाच्या गणितात काही गोष्टी, उदाहरणार्थ ढगांचे वर्तन, नेमक्या मोजता येत नाहीत. त्यांच्या किमती थोड्या थोड्या बदलून तेच गणित हजारो वेळा केले, तर उत्तरात किती फरक पडू शकतो ते कळेल. एखाद्या महासंगणकावर हजारो वेळा कोण वेळ देणार? सप्टेंबर २००३ मध्ये हा उपक्रम सुरू झाला. एकेका घरी ४५ वर्षांचे काल्पनिक हवामान चालवले जाई. पंधरा वर्षे जुळवणीची, पंधरा आहे त्या कर्बवायूची, आणि पंधरा दुप्पट कर्बवायूची. येथेही उद्याचे हवामान आजच्यावर अवलंबून असल्यामुळे गणित तोडता येत नाही आणि एकेका यंत्राला आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही लागतात.

या मंडळींनी एक चांगली युक्ती योजली. मेर्सेनच्या गणितात अर्धे काम म्हणजे शून्य काम. पण हवामानाच्या गणितात पहिल्या पंधरा वर्षांचे उत्तरही उत्तरच असते. म्हणून गणितातील ठराविक काळ पुढे सरकला की यंत्राने एक लहानसा निरोप पाठवावा, आणि मोठे टप्पे संपले की तोवरची माहिती द्यावी, अशी व्यवस्था झाली. या निरोपाला ‘ट्रिकल’, म्हणजे झिरपणारा थेंब, असे नाव आहे. प्रत्येक थेंबाबरोबर स्वयंसेवकाच्या खात्यावर श्रमाचे गुणही जमा होत. सारे काम संपेपर्यंत शाबासकीसाठी ताटकळत बसायला नको. मुदतही वर्षभराच्या आसपास ठेवलेली, आणि तीही सक्तीची नाही. जानेवारी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये पहिला निष्कर्ष आला, तो २,५७८ पूर्ण गणितांवर आधारलेला. कर्बवायू दुप्पट झाला तर तापमानवाढ दोन अंशांहून कमीपासून अकरा अंशांहून अधिकपर्यंत कोठेही येऊ शकते, इतकी या गणितांतली अनिश्चितता आहे, हे त्याने दाखवले.

या पद्धतीची परीक्षा २००६ साली झाली. फेब्रुवारीत बी.बी.सी.च्या साहाय्याने नवा प्रयोग निघाला. १९२० पासून २०८० पर्यंतचे, म्हणजे १६० वर्षांचे हवामान प्रत्येकाने चालवायचे. हजारो नवे लोक उत्साहाने आले. आणि एप्रिलमध्ये ध्यानात आले, की मनुष्याने हवेत सोडलेल्या गंधकयुक्त कणांची माहिती ज्या फाइलीत होती तीच सदोष आहे. हे कण सूर्यप्रकाश काही अंशी अडवतात. त्यांचा परिणाम धरला न गेल्यामुळे हवामान वाजवीपेक्षा जलद तापत चालले होते. दोन महिने ज्यांनी यंत्रे राबवली त्यांना सांगावे लागले, की गणित पुन्हा १९२० पासून सुरू करा.

श्रोतेहो, पगारी माणसाला असे सांगणे सोपे. पण ज्याने आपखुशीने यंत्र दिले, विजेचे बिल स्वतः भरले, त्याला काय तोंडाने सांगणार? उपक्रमाच्या चालकांनी चूक लपवली नाही. काय बिघडले ते उघड सांगितले, आणि झालेले कामही अगदीच वाया जाणार नाही, कारण त्या कणांचे आवरण नसते तर काय झाले असते हे त्यातून कळते, हेही समजावून दिले. सहा वर्षांनी, २०१२ मध्ये, या प्रयोगातील सुमारे दहा हजार गणितांवरून निबंध प्रसिद्ध झाला. १९६१ ते १९९० च्या सरासरीच्या मानाने २०५० पर्यंत पृथ्वी १.४ ते ३ अंशांनी तापू शकते, असा त्याचा निष्कर्ष. लोकांनी तो झटका पचवला म्हणून हे घडले. नोंदी, निरोप, मुदती या सगळ्याच्या खाली विश्वासाचा पाया असतो, आणि तो एकदा खचला तर कोणताही चेकपॉइंट त्याला मागे आणू शकत नाही.

मेर्सेनच्या गणितातली एक मोठी उधळपट्टी मात्र बरीच वर्षे चालूच होती. उत्तर बरोबर आहे की नाही याची खात्री करायला तेच गणित दुसऱ्या कोणाकडून पुन्हा पहिल्यापासून करवून घ्यावे लागे. महिनोन् महिने चाललेले काम दोनदा! २०१८ च्या सुमारास रॉबर्ट गेर्बिच या हंगेरियन गणितज्ञाची युक्ती वापरात आली. ती किंचित वेगळ्या तपासणीसाठी आहे. तिच्यामुळे गणित चालू असतानाच चूक पकडता येते, आणि यंत्र शेवटच्या खात्रीच्या नोंदीपर्यंत मागे येऊन पुन्हा चालू लागते. नुसती नोंद होती, ती आता तपासलेली नोंद झाली. २०२० पासून तर गणिताबरोबर त्याच्या खरेपणाचा दाखलाही तयार होतो, आणि तो तपासायला मूळ श्रमाच्या एक टक्काही श्रम लागत नाहीत. अनोळखी माणसावर अविश्वास न दाखवता त्याच्या कामाची खात्री करून घेण्याची ही सोय आहे.

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी ल्यूक ड्युरंट यांनी ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या शोधली, तेव्हा ती घरच्या संगणकावर सापडली नाही. सतरा देशांतील भाड्याच्या शक्तिमान यंत्रांचा त्यांनी उपयोग केला होता. काळ बदलला, हे खरे. तरी नोंद ठेवणे, कळवत राहणे आणि कामाचा दाखला देणे या तीन रीती घरगुती यंत्रांच्याच काळात तयार झाल्या, आणि त्याच येथेही उपयोगी पडल्या.

विद्यार्थी कधी कधी विचारतात, की एवढ्या मोठ्या मूळ संख्येचा उपयोग काय? प्रश्न योग्य आहे आणि व्यवहारातला उपयोग फारसा नाही, हे उत्तरही प्रामाणिक आहे. परंतु माणसे येणार आणि जाणार, थकणार, विसरणार, हे आधीच गृहीत धरून एखादे लांबचे काम कसे आखावे, हा धडा मात्र निरुपयोगी नाही. आपल्याकडे ग्रंथालये, कोश, मंडळे मोठ्या उत्साहाने निघतात आणि एक माणूस उठून गेला की बंद पडतात. तेथे उत्साह कमी नसतो. जाणाऱ्याने कोठवर आणले होते याची नोंद नसते, मधल्या काळात कोणी विचारपूस केलेली नसते, आणि संथ माणसाला त्याच्या चालीचे काम दिलेले नसते. एवढ्या तीन गोष्टी सांभाळल्या, तर उसन्या वेळातही मोठी कामे तडीस जातात, असे हा इतिहास आपल्याला सांगतो.